दुपाखी छपराच्या कडेच्या फळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न
(इंदूर, महू आणि आसपासच्या कौलारू घरांसाठी)

कडेची फळी म्हणजे नेमकी कोणती? वळचणीची झालर ती हीच का?

नाही. वळचणीची झालर छपराच्या खालच्या कडेला आडवी असते, पागोळ्या गळतात तिथे. आपण इथे ज्या फळीबद्दल बोलतोय ती दुपाखी छपराच्या टोकाला, त्रिकोणी भिंतीच्या वर, आढ्यापासून वळचणीपर्यंत उताराने खाली येते. दोन्ही पाख्यांना एकेक अशी जोडी असते. शेंड्याला दोन्ही फळ्या भेटतात आणि तिथे बहुधा लाकडी कळस बसवलेला असतो.

महूची छावणी 1818 सालची. तिथल्या आणि इंदूरच्या जुन्या बंगल्यांवर नक्षीच्या फळ्या दिसतात, त्या इंग्रजी घरबांधणीतून आल्या. इंग्लंडात मध्ययुगीन लाकडी घरांना त्या होत्याच. एकोणिसाव्या शतकात यंत्राच्या बारीक करवती आल्या, कातरकाम स्वस्त झाले आणि लेससारखी नक्षी सगळीकडे पसरली.

ती केवळ शोभेची असते का? काढून टाकली तर काय बिघडेल?

बरेच बिघडेल. कवेलू, म्हणजे कौले, ज्या रिपांवर बसतात त्या रिपा आणि त्यांच्याखालच्या पर्लिन, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेल्या आडव्या तुळया, या सगळ्यांची कापलेली तोंडे त्रिकोणी भिंतीच्या बाजूला उघडी पडतात. कापलेल्या तोंडातून लाकूड जेवढे पाणी पिते, तेवढे बाजूच्या अंगातून पीत नाही. फळी नसली की दोन-चार पावसाळ्यांत तुळयांची टोके काळी पडून मऊ होतात. कूज तिथून आत भिंतीपर्यंत सरकते. पुढे तुळई बदलायची तर कवेलू उतरवावे लागतात.

दुसरे काम वाऱ्याचे. छपराच्या कडा आणि कोपरे इथे वाऱ्याची ओढ सर्वांत जास्त असते. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचे आयएस 875 भाग 3 हे भारतीय मानकही कडांसाठी वेगळे, वाढीव आकडे देते. मे-जूनच्या आंधीत वारा कवेलूंच्या खाली शिरला की कडेची ओळ आधी उचलली जाते. फळी ती फट बंद करते. म्हणून फळी ठरवताना आधी ती काय झाकते ते पाहावे, नक्षी त्यानंतर. नक्षी सुंदर पण तुळईचे तोंड अर्धे उघडे, असे काम आम्ही चांगले म्हणणार नाही.

रुंदी किती ठेवावी?

तुळईची उंची, अधिक रिपेची जाडी, अधिक खाली 25 ते 40 मिमी. तुळई 125 मिमीची, रीप 25 ची असेल तर फळी 175 ते 190 मिमी हवी. ही रुंदी भरीव भागाची आहे. खालची कंगोऱ्याची नक्षी तिच्यात धरू नका.

इथे एक अडचण येते. 190 भरीव आणि 75 नक्षी मिळून 265 मिमीची एकच फळी घेतली तर ती वाकते. साधारण 225 मिमीच्या पुढे अखंड फळी आपल्या हवेत सरळ राहणे कठीण. मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत आणि ऑगस्टमध्ये दमट. एवढ्या फरकात 200 मिमी रुंदीची सागाची फळीसुद्धा 2 ते 3 मिमी फुगते-आकसते. त्यापेक्षा मागे साधी भरीव फळी लावावी आणि तिच्या खालच्या भागावर 20-25 मिमी जाडीची नक्षीची पट्टी वेगळी स्क्रूने बसवावी. नक्षी तुटली तर तेवढीच पट्टी बदलता येते.

जाडी भरीव फळीला 32 मिमी, म्हणजे सव्वा इंच. 18-20 मिमीची फळी उन्हात पिळली जाते आणि स्क्रूच्या जागी चिरते.

माप कसे घ्यावे? उतार कसा काढावा?

एक मीटरची पट्टी पाणसळीने आडवी धरा आणि तिच्या टोकापासून छपरापर्यंतचे उभे अंतर मोजा. 466 मिमी आले तर उतार 25 अंशांचा, 577 आले तर 30 आणि 700 आले तर 35. फळीची लांबी काढायला आडव्या अंतराला अनुक्रमे 1.103, 1.155 किंवा 1.221 ने गुणा.

उदाहरण घ्या. छपराची एकूण रुंदी बाहेर आलेल्या वळचणींसह 6 मीटर आणि उतार 30 अंश. अर्धी रुंदी 3 मीटर, म्हणून फळी 3.46 मीटरची. शेंड्याचा उभा काप आणि खालचे टोक धरून 3.75 मीटरचे लाकूड घ्यावे. घनफुटात सांगायचे तर 9 इंच रुंद आणि दीड इंच जाड कच्ची फळी, सव्वाबारा-साडेबारा फूट लांब, अशा दोन मिळून सुमारे 2.3 घनफूट. रंधून ती पावणेनऊ इंच रुंद आणि सव्वा इंच जाड होते. तयार फळीचे वजन साधारण 16 किलो भरते, तेव्हा चढवायला दोन माणसे आणि परांची हवीच.

जुन्या घरात दोन्ही पाखी वेगवेगळी मोजा. आढे मधे खाली बसलेले असते, काळ्या मातीवरच्या भिंती थोड्या सरकलेल्या असतात आणि डाव्या-उजव्या उतारात एक-दोन अंशांचा फरक सापडतोच. शेंड्यापासून खालपर्यंत दोरी ताणून तुळयांची तोंडे एका रेषेत आहेत का तेही बघा. एखादी तुळई 15 मिमी पुढे आलेली असेल तर तिचे टोक कापून घ्या. फळी तिच्यावर जबरदस्तीने दाबून बसवली तर नंतर तिथेच चिरते.

लाकूड कोणते?

साग, आणि त्यातही गाभ्याचा. कडेचा पांढरट भाग असलेली फळी दुकानदार स्वस्तात देतो, पण वाळवी आणि कूज तिथूनच सुरू होते. जुनी इमारत उतरवताना निघालेला साग मिळाला तर तो जरूर घ्या. तो पूर्ण वाळलेला असतो. फक्त रंध्याखाली जाण्याआधी प्रत्येक खिळा काढलेला असावा. नव्या सागाचे पक्के बिल घ्यावे.

चिडाचे लाकूड हलके आणि कापायला सोपे असते, पण प्रक्रिया न केलेले बाहेर टिकत नाही. बाभूळ मजबूत असली तरी पिळते, तेव्हा लांब फळीला नको.

विकत घेताना फळीचे तोंड बघा. वयाच्या रेषा कमानीसारख्या दिसत असतील तर कमानीचा फुगीर भाग भिंतीकडे आणि गाभ्याची बाजू बाहेर राहील अशी फळी लावायची. मग सुकताना फळी वाकलीच तर तिच्या कडा तुळयांवर दाबल्या जातात. उलटी लावली तर कडा बाहेर उघडतात आणि त्यांच्यामागे पाणी जाते.

प्लाय, एमडीएफ, डब्ल्यूपीसी, सिमेंट बोर्ड यांपैकी काही चालेल का?

एमडीएफ, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेला बोर्ड, अजिबात नाही. सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कापणी यंत्रावर, जाळी कापून देणारे अनेक जण एमडीएफ किंवा त्याच जातीचा दाट बोर्ड पुढे करतात, कारण त्यावर कड स्वच्छ येते. घराच्या आत ठीक आहे. बाहेर एकाच पावसाळ्यात कापलेल्या कडा फुगतात आणि रंगाचे पापुद्रे सुटतात.

प्लाय घ्यायचा तर आयएस 710 चा मरीन प्लाय घ्यावा. आयएस 303 चा एमआर दर्जाचा प्लाय बाहेरच्या कामाचा नाही. मरीन प्लायमध्येही कापलेल्या प्रत्येक कडेचे थर उघडे पडतात, म्हणून नक्षीच्या आतल्या कडासुद्धा इपॉक्सीने किंवा प्राइमरच्या तीन हातांनी बंद कराव्या लागतात. फायबर सिमेंटचा बोर्ड कुजत नाही आणि त्याला वाळवी लागत नाही, पण तो ठिसूळ असतो. बारीक नक्षी त्यात होत नाही आणि स्क्रू कडेच्या फार जवळ घेतला तर कोपरा उडतो. कापताना त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते, तेव्हा मास्क लावून आणि पाणी मारत कापा. डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचा बोर्ड, उन्हात लांबीत वाढतो. लाकडाची वाढ रुंदीत होते, याची लांबीत. म्हणून सांध्यात 4-5 मिमी फट ठेवावी आणि स्क्रूची भोके थोडी मोठी घ्यावीत. गडद रंग दिलेला डब्ल्यूपीसी नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात लोंबकळलेला दिसतो. त्याला फिकट रंगच द्या.

नक्षी आखताना सुतार कुठे चुकतात?

तीन ठिकाणी, आणि तिन्ही चुका फळी वर चढल्यावरच लक्षात येतात.

पहिली, दोन्ही फळ्या एकाच हाताच्या कापणे. डावी आणि उजवी फळी एकमेकींची आरशातली प्रतिमा हवी. साचा एका बाजूने आखला की दुसऱ्या फळीसाठी तो उलटा करूनच ठेवायचा. फळ्यांच्या मागे ‘डावी’, ‘उजवी’, ‘शेंडा’ असे पेन्सिलीने लिहून ठेवा.

दुसरी चूक लोलकांच्या दिशेची. फळी टेबलावर आडवी ठेवून खाली सरळ लोंबणारे थेंब काढले तर फळी 30 अंशांवर चढल्यावर तेच थेंब 30 अंशांनी तिरके दिसतात. अर्धगोल कंगोरे किंवा साधी जाळी असेल तर खटकत नाही. टोकदार लोलक मात्र ओळंब्यात हवेत. त्यासाठी साच्यावर आधी बेव्हल गुण्याने, म्हणजे कोन बदलता येणाऱ्या गुण्याने, फळी चढल्यावर उभी येईल अशी रेघ मारा आणि लोलकाचा मध्य त्या रेघेला समांतर घ्या.

तिसरी चूक लाकडाच्या रेषेची, आणि नुकसान सर्वांत जास्त हिच्यामुळे होते. फळीचा रेषा, म्हणजे लाकडाचे तंतू, लांबीत धावतो. खालच्या कडेतून 70-80 मिमी लांब आणि 20 मिमी रुंद दाते कापले की प्रत्येक दात्यात रेषा आडवा येतो. असा दाता हाताने सहज मोडतो. माकडाने एक उडी मारली की तीन-चार एकदम जातात. लांब दाते हवेच असतील तर उभ्या रेषाच्या सुट्या पट्ट्या करून त्या मागून बसवा. एकाच फळीत कापायची असेल तर नक्षीची खोली तिच्या मुळाशी असलेल्या रुंदीपेक्षा जास्त नको.

अंतर बसवताना शेंड्यापासून सुरुवात करा. 3.46 मीटरच्या फळीत खालच्या टोकाचा 260 मिमी भाग साधा सोडला तर 3200 उरतात, त्यात 200 मिमीचे बरोबर 16 घर, म्हणजे नक्षीचे पुन्हा पुन्हा येणारे पूर्ण नग, बसतात. हिशोब असा सुटला नाही तर घराचे माप एक-दोन मिमी कमी-जास्त करा. तो फरक डोळ्याला दिसत नाही, खाली राहिलेले अर्धे फूल मात्र लांबूनही दिसते.

सीएनसीवर कापून घ्यावे की हाताने?

एकसारखे 16-20 घर असतील तर सीएनसी सोयीचे. आतले कोपरे मात्र पात्याच्या गोलाईएवढे गोल राहतात, ते पटाशीने टोकदार करून घ्यावे लागतात. कडा काटकोनात येतात, त्यामुळे जाळीच्या आतल्या आडव्या कडांवर पाणी साचते. त्या कडा कानसने बाहेरच्या बाजूला 10-15 अंशांचा उतार देऊन घासा. काम किचकट आहे, पण रंग दुप्पट टिकतो.

फळी बसवायची कशी?

आधी रंग, मग फळी. प्राइमर सहाही बाजूंना लागला पाहिजे: पुढे, मागे, दोन्ही कडा आणि दोन्ही तोंडे. तोंडांना तीन हात द्या. सागात तेल असते, म्हणून प्राइमरच्या आधी थिनरने पुसून घ्या, नाहीतर रंग सुटतो. खालच्या कडेच्या मागच्या बाजूला, काठापासून 10 मिमी आत, 6 मिमीची खाच मारा. पाणी कडेवरून मागे वळत नाही, खाचेपाशीच सुटून खाली पडते.

स्क्रू थेट तुळईच्या कापलेल्या तोंडात मारतात, ही सर्रास होणारी चूक. तोंडात स्क्रूची पकड अर्धवट असते, दोन-तीन उन्हाळ्यांत भोक सैल होते आणि आंधीत फळी खडखडू लागते. प्रत्येक तुळईच्या बाजूला 50 बाय 50 मिमीचा, 150 मिमी लांब ठोकळा दोन स्क्रूंनी पक्का करा. त्याचा रेषा उभा ठेवा, म्हणजे फळीचा स्क्रू त्याच्या बाजूच्या अंगात जाईल. सगळ्यांत चांगले म्हणजे तुळयांच्या टोकांवर पूर्ण उतारभर एक कडेचा वासा चढवून फळी त्यावर लावणे.

32 मिमी फळीला 75 मिमीचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या, दर तुळईला दोन. वरच्या स्क्रूचे भोक नेमके, खालच्याचे रुंदीच्या दिशेने 3-4 मिमी लांबट. म्हणजे फळीला हलायला जागा राहते. दोन्ही ठिकाणी करकचून आवळली की तीच फळी मधोमध चिरते. साधे लोखंडी खिळे नकोत. गंज उतरून काळे ओघळ पडतात आणि खिळ्याभोवतीचे लाकूड कुजते.

फळी आणि भिंतीचे प्लास्टर यांत 8-10 मिमी मोकळे ठेवा. ती फट सिमेंटने भरून ‘फिनिशिंग’ देण्याचा मिस्त्रींचा आग्रह असतो. त्यांना ठामपणे नाही म्हणा. सिमेंट ओल धरते आणि वाळवीला चढायला वाटही देते.

कवेलू फळीच्या किती पुढे हवेत?

मंगलोरी कौलांच्या बाबतीत 40 ते 50 मिमी. कमी असेल तर पाणी फळीच्या डोक्यावर पडते, जास्त असेल तर वारा कौल उचलतो. कडेच्या ओळीतले प्रत्येक कौल खालच्या भोकातून तारेने रिपेला बांधा, आतल्या ओळींत नसले बांधलेले तरी इथे हवेच.

देशी नळीचे कवेलू असतील तर कड एका रेषेत येत नाही. तिथे फळीच्या डोक्यावर जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याची टोपी बसवा: एक पाय कवेलूखाली 100 मिमी आत, दुसरा फळीच्या तोंडावर 30 मिमी खाली आणि त्याची कड थोडी बाहेर वळवलेली.

शेंड्याचा सांधा दरवर्षी उघडतो. काय करावे?

दोन रुंद फळ्या कोनात कापून एकमेकींना भिडवल्या तर तो उघडणारच. फळी रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ नाही, त्यामुळे कापाचा कोनच बदलतो. पुट्टी भरणे हा उपाय नाही, पुढच्या उन्हाळ्यात ती पडते. दोन्ही फळ्यांच्या मधे 75 बाय 75 चा उभा ठोकळा घ्या, वर कळस आणि खाली लोलक. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना 10 मिमी खोल खाचा पाडून फळ्यांची टोके त्यांत सरकवा, सरस लावू नका. फळ्या आत हलतात, बाहेर फट दिसत नाही. कळसाच्या डोक्यावर उतार किंवा पत्र्याची टोपी हवी, कारण आकाशाकडे तोंड करून कापलेले लाकूड घरात सगळ्यांत आधी कुजते.

एवढी लांब फळी मिळत नाही. जोड चालतो का?

चालतो. जोड तुळईवरच यावा, 45 अंशांचा तिरका असावा आणि वरची फळी खालचीवर चढलेली असावी. दोन्ही तोंडांना जोडण्याआधी प्राइमर. शेजारच्या दोन पाख्यांचे जोड समोरासमोर ठेवा, विषम जोड डोळ्याला खुपतात.

खालचे टोक कुजले आहे. पूर्ण फळी बदलावी का?

बहुतेक वेळा गरज नसते. आरी किंवा बारीक स्क्रूड्रायव्हर टोचत वर जा. जिथे ती रुतायची थांबते तिथून आणखी 150 मिमी वर खूण करा आणि तिथे तिरका काप घ्या. त्याच जाडीचा सागाचा तुकडा पाण्याला टिकणाऱ्या सरसाने आणि मागून पट्टी देऊन जोडा. कूज का आली ते आधी शोधा. बहुधा पन्हळीचे टोक फळीला टेकलेले असते आणि पाणी तिथे थांबते. पन्हळ 10 मिमी दूर घ्या, नाहीतर नवा तुकडाही तसाच जाईल.

रंग किती लागतो आणि किती टिकतो?

वरच्या उदाहरणातल्या दोन साध्या फळ्यांचे सर्व बाजूंचे क्षेत्रफळ साडेतीन चौरस मीटर. एक लिटर प्राइमर आणि एक लिटर इनॅमल पुरते. जाळीकाम असेल तर दीडपट धरा. पश्चिमेच्या त्रिकोणावर दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा दोन्ही पडतात, तिथे तीन-चार वर्षांनी हात फिरवावा लागतो. पूर्वेला पाच-सहा वर्षे निघतात.

जुना रंग खरवडताना जपा. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम करणारा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते. कोरडे घासू नका, पाणी मारून खरवडा, खाली ताडपत्री टाका आणि लहान मुलांना त्या अंगणात येऊ देऊ नका.

काम कोणत्या महिन्यात करावे?

मोजमाप आणि कापणी डिसेंबर-जानेवारीत, रंग फेब्रुवारी-मार्चमध्ये, बसवणे एप्रिलअखेर. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नवतपा आणि आंध्या असतात, परांचीवर लांब फळी धरून उभे राहणे तेव्हा धोक्याचे. दिवाळीच्या तोंडावर घाईने काम काढणारे बरेच असतात. पण पावसाळ्यात फुगलेले लाकूड तेव्हा पुरते वाळलेले नसते. मॉइश्चर मीटरवर 12 टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय रंगवू नका.

फळीत बोटभर गोल भोके पडली आहेत. वाळवी आहे का?

भोक स्वच्छ गोल आणि खाली भुसा पडलेला असेल तर तो काळा भुंगा. तो लाकूड खात नाही, पोखरून घर करतो, आणि न रंगवलेले मऊ लाकूड त्याला आवडते. भुंगे निघून गेल्यावर लाकडी खुंटी सरसाने ठोका आणि वरून रंग द्या. वाळवीची खूण वेगळी: भिंतीवरून चढणारी मातीची नळी आणि ठोकल्यावर पोकळ आवाज. नळी नुसती पुसून भागत नाही, पायापासून उपचार करून घ्यावा लागतो.

फळीच्या मागच्या फटीत चिमण्या आणि खारी शिरतात. 12 मिमीची जाळी आतून लावा, पण विणीच्या दिवसांत नको, पिल्ले आत अडकतात.

नव्या घरावर सिमेंटचा उतरता स्लॅब आहे. त्याला अशी फळी लावता येईल का?

येईल. तिथे ती झाकण्याचे काम करत नाही, केवळ शोभेची असते. स्लॅबच्या कडेला अँकर बोल्ट घ्या आणि प्रत्येक बोल्टवर 10-12 मिमीची नायलॉनची चकती घालून फळी स्लॅबपासून सुटी ठेवा. स्लॅबच्या खालच्या कडेची पाणी तुटायची खाच फळीमुळे बुजणार नाही हे पाहा. पत्र्याच्या छपराला लाकडाऐवजी पत्र्याचीच कोनपट्टी योग्य: वरच्या पत्र्यावर एक पूर्ण नळी झाकेल एवढी चढवून, रबरी वायसरचे स्क्रू दर 30 सेंटीमीटरवर.

जुन्या नक्षीचे मोडके तुकडे टाकून द्यावेत का?

नाही. एक अखंड घर मिळाले तरी पुरे. ते जाड कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवा, मग 6 मिमी प्लायचा साचा कापा. अनेक थरांच्या रंगाने कडा जाड झालेल्या असतात, तेव्हा आधी रंग काढा, नाहीतर नवी नक्षी मूळच्यापेक्षा बोजड येते. भोकांचे व्यास वेगळे मोजून साच्यावर लिहा, फळीची जाडी आणि उताराचा कोनही लिहा, आणि साचा माळ्यावर भिंतीला टांगून ठेवा. आडवा ठेवला तर तो वाकतो.